पायाच्या इन्फेक्शनमुळे नवरा किंवा बायको ॲडमिट आहे? सोबत थांबणाऱ्याने नेमकं काय करायचं?

आधी थंडी वाजते, मग ताप येतो. सकाळपर्यंत एका पायाची नडगी सुजलेली असते, कातडी ताणून चकाकत असते आणि पांघरूण घासलं तरी कळ येते. घरात कुणी म्हणतं पाय मुरगळला असेल, कुणी म्हणतं काहीतरी चावलं असेल. दोन दिवस हळदीच्या लेपात आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळीत जातात. मग डॉक्टर पाय बघून सांगतात, "सेल्युलायटिस आहे, ॲडमिट करावं लागेल."

तिथून पुढे दोन माणसं हॉस्पिटलमध्ये असतात. एकाच्या हाताला सलाईन लागतं. दुसऱ्याच्या हातात फाईल, चार्जर आणि औषधांची चिठ्ठी येते. पेशंटने काय करायचं हे डॉक्टर सांगतात. सोबतच्या माणसाने काय करायचं हे मात्र सहसा कुणीच सांगत नाही, आणि तो नुसता स्टुलावर बसून राहतो.

चऱ्होलीसारख्या ठिकाणी ही अडचण आणखी मोठी होते. इंद्रायणीकाठचं चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज इथल्या सोसायट्यांमध्ये आणि चाळींमध्ये भोसरी, चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी अनेक कुटुंबं राहतात. सासू-सासरे, दीर, नणंद गावाकडे. इथे फक्त नवरा, बायको आणि मुलं. त्यातला एक ॲडमिट झाला की डबा, शाळा, कामावरची रजा आणि हॉस्पिटलमधली रात्र हे सगळं दुसऱ्या एकाच माणसावर येतं.

सेल्युलायटिसमध्ये अँटिबायोटिक शिरेतून जातं आणि ते काम हॉस्पिटल करतं. पण पाय काल कसा होता आणि आज कसा आहे, हे दिवसभर पाहणारी नजर सोबतच्या माणसाचीच असते. त्या नजरेचा उपयोग कसा करायचा, ते समजून घेऊ.

सेल्युलायटिस म्हणजे काय?

कातडीचा खोल थर आणि तिच्याखालची चरबी यांना होणारं हे जिवाणूंचं इन्फेक्शन आहे. बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूंमुळे ते होतं. कातडीच्या वरच्या थरातल्या अशाच इन्फेक्शनला मराठीत धावरे किंवा विसर्प म्हणतात.

सेल्युलायटिस बहुधा एकाच पायाला होतो. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर डॉक्टर आधी हृदय, किडनी किंवा शिरांचा त्रास आहे का ते पाहतात. एकच पाय सुजला असला तरी शिरेत रक्ताची गाठ झाल्याचीही शक्यता असते, कारण ती वरून अशीच दिसते. म्हणून पायाची डॉप्लर सोनोग्राफी सांगितली तर ती फालतू तपासणी आहे असं समजू नये.

आणखी एक गोष्ट. पुस्तकांत आणि इंटरनेटवर सेल्युलायटिसचा फोटो लालभडक असतो, पण तो बहुधा गोऱ्या कातडीचा असतो. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे कातडी गडद, जांभळट किंवा तपकिरी वाटते. अशा वेळी रंगापेक्षा गरमपणा, सूज, ताणलेली चकाकी आणि दुखणं यांवर भर द्यायचा. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या पायाला आणि मग दुखऱ्या पायाला लावली की फरक लगेच कळतो.

सोबतच्या माणसाला हे होऊ शकतं का?

साधारणपणे नाही. सेल्युलायटिस कातडीच्या आत असतो, शेजारी बसल्याने किंवा हात धरल्याने तो लागत नाही. मात्र जखम उघडी असेल, पू किंवा पाणी येत असेल तर हात साबणाने धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा आणि ड्रेसिंगला उघड्या हाताने शिवायचं नाही. एवढी काळजी पुरते.

जंतू आत शिरले कुठून?

अनेकदा वाट अगदी छोटी असते. टाचेची भेग, खाजवलेला डास चावल्याचा फोड, नखाशेजारची जखम किंवा पायाच्या बोटांमधल्या चिखल्या. कारखान्यात आठ-बारा तास सेफ्टी शूज घातले की आत घाम साचतो. मोजे ओले राहतात, बोटांमधली कातडी पांढरी पडून भिजते, बुरशी धरते आणि चिरते. या चिरेतून जिवाणू आत जातात आणि दुखणं मात्र वर नडगीला दिसतं. म्हणून दुखऱ्या पायाची बोटं फाकवून आत काय आहे ते डॉक्टरांना दाखवणं गरजेचं असतं.

पावसाळ्यात धोका वाढतो. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली की चऱ्होलीच्या हद्दीत थोरल्या पादुकांपाशी विसावते. त्या दिवसांत ओल्या चपलेत किंवा अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांना फोड येतात. हे फोड झाकले नाहीत आणि त्यांना गढूळ पाणी लागत राहिलं तर तीही जंतूंची वाट ठरते.

डायबेटिस, जुनी पायसूज, व्हेरिकोज व्हेन्स, हत्तीपाय आणि लठ्ठपणा असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात डायबेटिस असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. डायबेटिसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यामुळे "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा हिशोब इथे चालत नाही.

कुठे न्यायचं?

ताप नसेल, लाली छोट्या भागात असेल आणि पेशंट एरवी ठणठणीत असेल, तर डॉक्टर गोळ्या देऊन घरी पाठवू शकतात. ताप, थंडी, उलट्या, वेगाने वाढणारी सूज, बेताबाहेर गेलेली शुगर किंवा गोळ्यांनी गुण न येणं, यांपैकी काही असेल तर ॲडमिट करतात.

चऱ्होली परिसरातल्या लोकांसाठी महापालिकेचं नवीन भोसरी रुग्णालय आणि पिंपरीत संत तुकारामनगरमधलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, हे सरकारी पर्याय आहेत. कामगार विमा असलेल्यांसाठी चिंचवडच्या मोहननगरमध्ये राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. पेशंट गुंगीत असेल किंवा उभा राहू शकत नसेल तर रिक्षा शोधत बसण्यापेक्षा १०८ वर फोन करावा.

ॲडमिट करताना डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगाव्यात: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे (विशेषतः पेनिसिलिनची), रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरी कोणती औषधं किंवा लेप वापरले आणि सूज नेमकी कधी सुरू झाली. पेशंट तापात असताना या गोष्टी विसरतो. नवऱ्याला किंवा बायकोला त्या माहीत असतात.

पहिले ४८ तास काय पाहायचं?

पहिलं काम म्हणजे सीमारेषा. लाली किंवा सूज जिथे संपते तिथे डॉक्टर किंवा नर्स पेनने रेघ ओढतात आणि तारीख-वेळ लिहितात. ओढली नसेल तर ओढायला सांगावं. ड्युटी बदलली, डॉक्टर बदलले, तरी ती रेघ तिथेच राहते आणि इन्फेक्शन पुढे गेलं की मागे आलं ते दाखवते.

दुसरं काम म्हणजे फोटो. सकाळ-संध्याकाळ, एकाच जागेवरून आणि एकाच उजेडात. हे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नाहीत, राउंडला येणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत.

औषध सुरू झाल्यावरही पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली रेघेच्या थोडी बाहेर जाऊ शकते. तेवढ्याने औषध लागू पडत नाही असा अर्थ होत नाही. ताप उतरतोय का, दुखणं कमी होतंय का, जेवण जातंय का, हेही सोबत पाहायचं. ४८ ते ७२ तासांनंतरही काहीच फरक नसेल तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: अँटिबायोटिक बदलायचं का, आत पू साचलाय का, सर्जनला दाखवायचं का?

तिसरं काम म्हणजे पाय वर ठेवणं. ऐकायला साधं वाटतं, पण सूज उतरायला याची मोठी मदत होते. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर राहायला हवा. नुसत्या घोट्याखाली एक उशी सरकवली तर गुडघा अधांतरी राहतो आणि टाचेवर भार येतो. पोटरीपासून पूर्ण पायाला आधार हवा. पलंगाची पायथ्याकडची बाजू वर करता येत असेल तर तसं नर्सला सांगावं. जेवायला किंवा गप्पा मारायला पाय खाली सोडून बसलेला पेशंट तासभर तसाच बसून राहतो. त्याला पुन्हा आडवं करणं हे सोबतच्या माणसाचं काम. डायबेटिसमुळे किंवा सिगारेटमुळे पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर पाय किती वर ठेवायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

चौथं काम म्हणजे एक छोटी वही. त्यात ताप, शुगर, अँटिबायोटिकचं नाव आणि वेळ, लघवी नीट होते का, जुलाब लागले का, एवढंच लिहायचं. हाताला लावलेल्या सुईची जागा सुजली किंवा तिथे आग होत असेल तर तेही लगेच सांगायचं.

कोणत्या लक्षणांना थांबायचं नाही?

क्वचित हे इन्फेक्शन आणखी खोल जातं आणि स्नायूंवरचं आवरण सडू लागतं. याला नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. त्यात तातडीने ऑपरेशन करावं लागतं आणि उशीर झाला तर पाय किंवा जीव जाऊ शकतो. कधी जंतूंचा परिणाम साऱ्या शरीरावर होतो, त्याला सेप्सिस म्हणतात. पुढची लक्षणं दिसली तर रात्रीचे तीन वाजले असले तरी नर्सला उठवायचं:

• पाय वरून जेवढा वाईट दिसतोय त्यापेक्षा कितीतरी जास्त असह्य दुखणं
• तासातासाला रेघेच्या पुढे सरकणारी लाली किंवा सूज
• काळे-जांभळे डाग, रक्ताळलेले फोड, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर
• आधी दुखणारी जागा अचानक बधिर होणं
• असंबद्ध बोलणं, गुंगी, धाप लागणं, हातपाय गार पडणं, लघवी खूप कमी होणं

वागण्यातला बदल नर्सच्या आधी जोडीदाराच्या लक्षात येतो. "हे असं कधी बोलत नाहीत" हे वाक्य डॉक्टरांसाठी माहिती असते. ते सांगायला संकोच करू नये.

प्रेमापोटी होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे पाय चेपून देणं. सुजलेल्या पायाला मालिश करायची नाही, तेल लावायचं नाही, शेक द्यायचा नाही. हळद, चुना, झाडपाल्याचा लेप यांनी कातडी आणखी चिरू शकते आणि डॉक्टरांना खालचा रंगही दिसत नाही. फोड सुईने फोडणं तर पूर्ण वर्ज्य.

दुसरी चूक म्हणजे भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या. पेशंटला भेटायचं म्हणजे शहाळं, मोसंबीचा ज्यूस, बिस्किटं, केळी असा रिवाजच आहे. पण इन्फेक्शनमध्ये शुगर आधीच वाढते. त्यामुळे डायबेटिसच्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये गोळ्यांऐवजी इन्सुलिन द्यावं लागू शकतं. त्यात ग्लासभर ज्यूसची भर पडली की सगळा ताळमेळ बिघडतो. किडनीचा त्रास असेल तर शहाळ्यातलं पोटॅशियमही धोक्याचं ठरू शकतं. आणलेलं परत करणं अवघड असतं. ते स्वतः खावं किंवा वॉर्डातल्या इतर नातेवाइकांना द्यावं.

तिसरी चूक म्हणजे दुखतंय म्हणून खालच्या मेडिकलमधून वेगळी पेनकिलर आणणं. काही पेनकिलर किडनीवर ताण आणतात आणि लक्षणं झाकतात. गोळी हवी असेल तर ती वॉर्डातूनच घ्यायची.

पैसे आणि कागद

बिलाची चौकशी डिस्चार्जच्या दिवशी नाही, ॲडमिशनच्या दिवशी करायची.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि तिचं संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पांढरं कार्ड आहे म्हणून आपण बसत नाही, हा समज आता जुना झाला. मात्र योजना ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांनाच चालते. ती कॅशलेस असल्याने आधी बिल भरून नंतर पैसे मागण्याची सोय गृहीत धरू नये. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटावं. हेल्पलाइन १५५३८८ आहे.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय कापल्या जाणाऱ्या कामगाराच्या पती किंवा पत्नीलाही वैद्यकीय उपचार मिळतात. कामगार स्वतः आजारी असेल आणि हप्त्यांची अट पूर्ण होत असेल, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम आजारपणाचा लाभ म्हणून मिळू शकते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं.

खासगी मेडिक्लेम असेल तर विमा कंपनीला लगेच कळवावं. विमा नियामक संस्थेने २०२४ मध्ये घातलेल्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जावं.

रात्री कोण थांबणार?

हा प्रश्न डॉक्टरी नाही, पण घर मोडकळीला आणणारा हाच असतो. जनरल वॉर्डात बहुधा एकाच नातेवाइकाला पास मिळतो. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला सहसा थांबू देत नाहीत. म्हणजे बायको ॲडमिट असेल तर नवऱ्याला रात्रीसाठी बहीण, मेहुणी किंवा शेजारच्या ताईंना विनंती करावी लागते. ही विनंती पहिल्याच दिवशी करावी, चौथ्या दिवशी थकून गेल्यावर नाही.

नवरा ॲडमिट असेल तर बायको थांबणार हे कुणी न ठरवताच ठरलेलं असतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के महिला घरातल्या माणसांची देखभाल करताना दिसल्या. पुरुषांचं प्रमाण २१.४ टक्के होतं. देखभाल करणाऱ्या महिलांचे त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटं जात होती, पुरुषांची ७४.

रजेचं गणितही सोबतच्या माणसाच्या विरोधात आहे. ईएसआयचा आजारपणाचा लाभ आजारी कामगाराला मिळतो, त्याच्या उशाशी बसलेल्या कामगाराला नाही. कंत्राटी कामगाराचा तर खाडा धरला जातो. त्यामुळे सुपरवायझरला तोंडी सांगण्यापेक्षा ॲडमिट कार्डाचा फोटो जोडून लेखी रजा मागावी आणि शिल्लक भरपगारी रजा आधी वापरावी.

दिवसभर दोघांनीही हॉस्पिटलमध्ये बसण्यापेक्षा पाळ्या लावाव्यात. डॉक्टरांचा राउंड कधी असतो ते विचारून त्या वेळी सगळी माहिती असलेला माणूस हजर राहील एवढं पाहावं. मदत विचारणाऱ्याला "काही नको" म्हणू नये, नेमकं काम सांगावं: मुलाला शाळेतून आणा, एका वेळचा डबा द्या, आज रात्री थांबा. सोबतच्या माणसाचं जेवण, झोप आणि त्याच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकल्या तर दुसरा पेशंट तयार होतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा

डिस्चार्ज मिळाला म्हणजे पाय बरा झाला असं नाही. जंतू आटोक्यात आले तरी सूज आणि काळपटपणा काही आठवडे राहू शकतो. कातडी सोलपटून निघते, तेही बहुधा बरं होण्याचंच लक्षण असतं. पण गोळ्यांचा कोर्स ताप गेला म्हणून मधेच बंद करायचा नाही. लाली पुन्हा वाढली किंवा ताप आला तर फेरतपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही.

सेल्युलायटिस परत होतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रत्येक वेळी लसिकावाहिन्या थोड्या खराब होतात, त्यामुळे सूज उरते आणि सूज उरली की पुढचं इन्फेक्शन सोपं होतं. हे चक्र तोडता येतं. जुनी पायसूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेल्या ८४ जणांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाब देणारे मोजे वापरणाऱ्या गटात १५ टक्के लोकांना तो पुन्हा झाला. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होतं. त्याआधी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत, वारंवार त्रास होणाऱ्यांना कमी डोसचं पेनिसिलिन दीर्घकाळ दिल्यावर हे प्रमाण ३७ वरून २२ टक्क्यांवर आलं. हे दोन्ही उपाय सरसकट सगळ्यांसाठी नाहीत. मोजे घालण्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो आणि पेनिसिलिन डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. पण दुसऱ्यांदा सेल्युलायटिस झाला असेल तर "हे टाळायला काय करता येईल?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

बाकीचं काम घरचं आहे. रोज रात्री पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करणं. चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम पूर्ण मुदतीपर्यंत लावणं. टाचांना व्हॅसलिन लावणं, मात्र बोटांच्या मध्ये नाही. शिफ्टच्या पिशवीत मोज्यांचा एक जास्तीचा जोड ठेवणं आणि बूट रात्री उघडे वाळत टाकणं. डायबेटिस असेल तर तळवे रोज पाहणं. वाकून स्वतःचा तळवा पाहणं अनेकांना जमत नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्यानेच करावं लागतं. रात्री जेवणं झाल्यावर उजेडात बसून नवऱ्याचे किंवा बायकोचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायला दोन मिनिटं लागतात. पुढची भेग, चीर किंवा फोड त्याच दोन मिनिटांत सापडतो.